पोलाद मंत्रालय, आमचं बांधकाम आणि नऊ किलो सातशेचा गज : ५ पैकी ३ स्टार

बांधकामाचा बारा एमएम जाडीचा एक लोखंडी गज, पूर्ण चाळीस फुटी, मधून घडी घातलेला, भंगारवाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर आडवा टाकला आणि आकडा आला नऊ किलो सातशे. दाजी म्हणले परत टाक. परत टाकला, नऊ सातशेच. दुसरा गज टाकला, नऊ सहाशे ऐंशी. दाजींनी खिशातला पेन काढला आणि तळहातावर गजाच्या वजनाचं सूत्र लिहिलं, जाडी गुणिले जाडी भागिले एकशे बासष्ट, बारा गुणिले बारा भागिले एकशे बासष्ट, म्हणजे मीटरला आठशे अठ्ठ्याऐंशी ग्रॅम, गज बारा मीटरचा म्हणून दहा किलो सहाशे साठ. "एका गजामागं किलोभर लोखंड गेलं कुठं रे?" मी म्हणलं मला काय माहीत, मी तर नगावर घेतलंय.

आता पहिलंच सांगतो, हा त्या दुकानाचा रिव्ह्यू नाही. दुकानाचं नाव पण टाकणार नाही, गावात राहायचंय आणि अजून टाइल्स घ्यायच्यात. रिव्ह्यू आहे दिल्लीच्या पोलाद मंत्रालयाचा. हसू नका. मला पण दोन महिन्यांपूर्वी असं काही खातं असतं हे माहीत नव्हतं, म्हणजे शाळेत भिलाई, राउरकेला, दुर्गापूर पाठ केलं होतं तेवढंच, ते सेल ह्या सरकारी पोलाद कंपनीत येतं आणि सेल ह्या मंत्रालयाच्या हाताखाली येतं हे नंतर कळलं. नागपूरची मॉइल, मँगनीजवाली, ती पण ह्यांचीच. सध्या मंत्री कर्नाटकचे एच. डी. कुमारस्वामी आहेत. पण ह्या खात्याचा आणि आपल्या सेलूतल्या नऊशे स्क्वेअर फुटाच्या घराचा काय संबंध, तर संबंध गजावर उठवलेल्या अक्षरांत आहे, आणि ती अक्षरं वाचायला मला पंचवीस गज परत करावे लागले.

आमच्याकडं लोखंड दोन पद्धतीनं विकतात, वजनावर आणि नगावर. बंडल बांधलेलं असतं, आठाचे दहा नग, दहाचे सात, बाराचे पाच, सोळाचे तीन, साधारण सगळीकडं असंच. फुटिंगच्या, म्हणजे पायातल्या, जाळ्या बांधायच्या होत्या म्हणून मिस्त्रीनं चिठ्ठी दिली त्यात लिहिलेलं 'बाराचे पाच बंडल', किलोचा उल्लेखच नाही. दुकानात गेलो, नगाला ५६० रुपये. दुसऱ्या एका दुकानात वजनावर मिळत होतं, सगळं धरून किलोला ५६, म्हणजे पुऱ्या वजनाचा गज ५९७ ला पडला असता. मला वाटलं गजामागं ३७ रुपये वाचले, पंचवीस गजांचे नऊशेच्या वर, बायकोला फोन करून कौतुक पण करून घेतलं. आता ५६० ला नऊ पॉइंट सातनं भागा. किलोला ५७ रुपये ७३ पैसे. स्वस्त घेतलं म्हणून मिरवत होतो ते महागात पडलं होतं आणि वरून गज बारीक.

परत करायला गेलो तर दुकानदार शांत. "भाऊ, वजन कशाला बघायलाव, नगाचा भाव लावलाय ना आपण. सगळ्या गावाची घरं ह्याच्यावरच उभी हायेत, तुमचंच काय वेगळं हाय?" ह्याला काय उत्तर द्यावं हे खरंच सुचत नाही माणसाला, कारण गावातली घरं उभी आहेत हे खरंच आहे. दाजी सोबत होते म्हणून निभावलं, ते डिप्लोमा सिव्हिल, छत्रपती संभाजीनगरला साईटवर सुपरवायझर आहेत. त्यांनी भांडण केलं नाही, एवढंच विचारलं की ह्या बंडलचा टॅग दाखवा. टॅग नव्हता. बिल मागितलं तर 'बिलाचं घेतलं तर वेगळा भाव'. शेवटी हमाली कापून आणि 'घडी केलेला माल' म्हणून अजून थोडे कापून पैसे परत दिले. ठीक आहे, शिकवणीची फी समजलो.

मग दाजींनी जे शिकवलं ते सांगतो, कारण रिव्ह्यूचा खरा मुद्दा तिथं आहे. काँक्रीटमध्ये घालायच्या आपल्या ह्या गजासाठी देशाचं एक नियमपुस्तक आहे, आयएस १७८६. गज किती ओढल्यावर तुटला पाहिजे, किती लांबला पाहिजे, कार्बन किती, गंधक फॉस्फरस किती, मीटरला वजन किती, सगळं त्यात. वजनात थोडी सूट असते कारण रोलिंग मिलचे रोल झिजतात, एक गज दुसऱ्यासारखा तंतोतंत निघत नाही. १० एमएमपर्यंत ७ टक्के इकडं तिकडं, १० च्या वर १६ पर्यंत ५ टक्के, त्याच्या वर ३ टक्के. एकटा गज उचलून तोलला तर कमी भरायला अजून एक टक्का माफ. म्हणजे बाराचा गज कसाही केला तरी दहा किलोच्या खाली उतरायला नको. आमचा नऊ टक्क्यांनी खाली होता.

आता हे पुस्तक असून उपयोग काय, पुस्तकं खूप असतात. इथं मंत्रालय येतं. पोलाद मंत्रालयानं २०१२ पासून क्वालिटी कंट्रोल ऑर्डरी काढायला सुरुवात केली, २०२० ला आणि २०२४ ला नवीन काढल्या, बऱ्याच प्रकारच्या स्टीलला त्या लागू आहेत आणि आपला गज त्यात आहे. ऑर्डरचा अर्थ साधा आहे, आयएसआय मार्कशिवाय हा माल बनवायचा नाही, आयात करायचा नाही, साठवायचा नाही आणि विकायचा नाही. विकायचा नाही, हे वाचलं का? म्हणजे फक्त कारखानदार नाही, दुकानदार पण त्यात आला. मार्क देणारी संस्था बीआयएस, ती ग्राहक व्यवहार खात्याकडं आहे, पण स्टीलला मार्क सक्तीचा करायची ऑर्डर पोलाद मंत्रालयाची. मोडली तर बीआयएस कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पहिल्या वेळेला कमीत कमी दोन लाख दंड. कागदावर दणकट काम आहे, ह्याला मी पाचपैकी पाच देतो, घासाघीस नाही.

आणि तपासायची सोय पण दिलीय. बीआयएस केअर नावाचं ॲप आहे, फुकट. बंडलला टॅग असतो, त्यावर आयएसआयचा शिक्का, १७८६, ग्रेड आणि सीएम/एल असं लिहून पुढं एक नंबर. तो नंबर ॲपमध्ये टाकला की कोणाचं लायसन्स, कुठला कारखाना, कुठल्या मालासाठी, चालू आहे का संपलं, सगळं पुढं येतं. आमच्या पहिल्या मालाला टॅगच नव्हता म्हणून टाकायला नंबरच नव्हता. गजावर अक्षरं होती, '५०० डी' होतं, नाव पण होतं, पण नाव असं की जाहिरातीतल्या एका नावाचा चुलत भाऊ, एखादा काना इकडचा तिकडं. ते अक्षर मी घेतानाच वाचलं होतं बरं का, वाचून बरं पण वाटलं होतं, म्हणलं चांगल्या कंपनीचा आहे.

दुसऱ्या खेपेला जिथून घेतलं तिथं टॅगचा नंबर दुकानात उभा राहूनच टाकला. नेट लटकलं, मग रस्त्यावर येऊन टाकला, नाव, पत्ता, १७८६, मुदत सगळं बरोबर आलं. दुकानदाराला राग येईल वाटलं होतं, उलट तो म्हणला दाखवा बरं मला, कसं बघता ते. त्यानं पण पहिल्यांदाच बघितलं! वीस वर्षं लोखंड विकणाऱ्या माणसाला ॲप माहीत नाही, आणि ह्यात त्याची चूक आहे असं मला वाटत नाही. स्टार कुठं कापले ते इथंच समजून घ्या. ट्रॅक्टरच्या सबसिडीचं पोस्टर पंचायत समितीत लागतं, गॅसच्या योजनेचं बसस्टँडवर लागतं, पण गज घेताना काय बघायचं ह्याचं मराठीतलं एक साधं पत्रक मला आजवर एकाही लोखंडाच्या दुकानात चिकटवलेलं दिसलं नाही. आपल्याकडचा माणूस आयुष्यात एकदा घर बांधतो, तीन साडेतीन टन लोखंड घेतो, ते पण कर्ज काढून, आणि त्या एका दिवशी त्याला हे माहीत नसतं. पुढं कधीही कळलं तरी गज काँक्रीटमध्ये गेलेला असतो, काढून तोलता येत नाही.

ते 'डी' काय भानगड आहे ते पण सांगतो, कारण आमचा मिस्त्री ह्याच्यावर अडून बसला होता. ग्रेड असतात ४१५, ५००, ५५०, ६००. आकडा म्हणजे एका चौरस मिलिमीटरला किती न्यूटनपर्यंत ओढलं तरी गज परत जागेवर येतो, त्याच्यापुढं कायमचा लांबतो. मिस्त्रीचं म्हणणं ५५० घ्या, लई कडक येतो, पान्हा घालून वाकवायला पण दोन माणसं लागतात. कडक म्हणजे चांगलं हे चहाला ठीक आहे. गजाला ताकद पाहिजे पण तुटायच्या आधी लांबायची अक्कल पण पाहिजे, आणि डी म्हणजे तीच, डक्टिलिटी. साधा ५०० चा गज तुटायच्या आधी कमीत कमी १२ टक्के लांबला पाहिजे, ५०० डी चा १६ टक्के. त्याच्यासाठी गंधक आणि फॉस्फरस कमी ठेवावं लागतं, ५०० ला प्रत्येकी ०.०५५ टक्क्यांपर्यंत चालतं, डी ला ०.०४० च्या आत. फॉस्फरस वाढला की गज काचेसारखा होतो.

हे आपल्याला का सांगायलाय असं कोणी म्हणेल, तर मराठवाड्यात तरी म्हणू नका. ३० सप्टेंबर १९९३, आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक झोपले होते आणि पहाटे चारच्या आत किल्लारी गेलं. लातूर उस्मानाबादकडचं ते सगळं दगडमातीचं बांधकाम, जाड भिंती, वर मातीचं माळवद, झोपलेल्या माणसांवरच आलं, दहा हजाराच्या आसपास माणसं गेली. आई सांगते आम्ही सेलूत असून पुढं किती तरी रात्री अंगणात बाजा टाकून झोपलो, तू तेव्हा दोन वर्षांचा. आणि लांब कशाला, २०२४ च्या मार्चमध्ये सकाळी सकाळी हिंगोलीकडून धक्का आला तेव्हा परभणी नांदेडपर्यंत भांडी वाजली होती. तर आईला मी डी चा अर्थ असा सांगितला की घर हललं तर गज वाकंल, लांबंल, पण कट्टकन तुटणार नाही, तेवढ्यात माणूस बाहेर पळतो. आई म्हणली मग तोच घे, हजार गेले तरी जाऊ दे. मिस्त्रीचा विषय तिथं संपला.

एक गंमत, मिस्त्रीला वाईट वाटू नये म्हणून सांगतो की तो काळ्या मातीच्या बाबतीत एकदम बरोबर होता. आमच्या प्लॉटला काळं रान, उन्हाळ्यात भेगा आणि पावसाळ्यात फुगून वर येतं, तर त्यानं मुरूम लागेपर्यंत खड्डे नेले, मी खर्च बघून कुरकुर करत होतो, आता करत नाही. माणसाला एक गोष्ट येते म्हणून सगळ्याच येतात असं नसतं, मला तर एक पण येत नव्हती.

बाकीचं लोखंड जालन्याहून आणलं. वाटूर फाट्यावर चहा आणि मग पुढं. जालना म्हणजे 'सोने का पालना' म्हणतात जुने लोक, आता लोखंडाचा पाळणा म्हणायला हरकत नाही. ओळखीनं एका मिलमध्ये आत जायला मिळालं, नाव सांगत नाही कारण मग जाहिरात वाटंल. बाहेर भंगाराचा डोंगर, त्यात फुटके ट्रॅक्टरचे नांगर, सायकली, डबे, कापसाच्या गाठीला बांधायच्या पट्ट्या, काय नाही ते विचारा. ते आणि स्पंज आयर्न, म्हणजे खनिजापासून केलेलं कच्चं लोखंड, इंडक्शन भट्टीत विजेवर वितळवतात, त्याच्या लांब चौकोनी कांड्या ओततात, त्याला बिलेट म्हणतात, आणि ती लालभडक बिलेट रोलांच्या एकामागं एक जोड्यांतून पळते, प्रत्येक जोडीत बारीक आणि लांब होत जाते. शेवटी पाण्याच्या पेटीतून सणकन बाहेर. टीएमटी म्हणतात ते हेच. पाण्यानं गजाची कातडी एकदम थंड होऊन कडक होते, आतला गाभा लालच राहतो, मग ती आतली उष्णता बाहेर येऊन कातडीला परत जरा नरम करते. बाहेरून कडक आतून मऊ. आमच्या चुलत्यासारखं. पाणी तेच तेच फिरवून वापरतात म्हणले, आणि जालन्याचे नळ किती दिवसाआड येतात हे ज्याला माहीत आहे त्याला हे ऐकून बरं वाटंल.

तिथं एक गोष्ट कळली ती मंत्रालयाच्या हिशोबात धरली पाहिजे. इंडक्शन भट्टी म्हणजे मुळात वितळवायचं भांडं, त्यात फॉस्फरस नीट बाहेर काढता येत नाही, म्हणून भंगारात काय टाकलं ह्याच्यावर गज कसा निघतो ते ठरतं. चांगल्या मिलवाले भंगार निवडतात, पुढं लॅडलमध्ये, म्हणजे वितळलेलं लोखंड ओतून घ्यायच्या भांड्यात, शुद्ध करतात, स्वतःची लॅब ठेवतात, प्रत्येक हीटला, म्हणजे भट्टीच्या एकेका घाणाला, नंबर देतात आणि मागितलं तर टेस्ट सर्टिफिकेट देतात. मला दिलं, मी ते घराच्या उताऱ्यासोबत फाईलला लावून ठेवलंय. ज्यांना हे करायचं नाही ते पण त्याच बाजारात त्याच टीएमटी नावानं विकतात. दिल्लीच्या भाषेत ह्या सगळ्या छोट्या भट्ट्या आणि मिलना सेकंडरी स्टील म्हणतात, आणि त्यांना तंत्र शिकवणारी मंत्रालयाची एक संस्था आहे, पण ती पंजाबात, मंडी गोबिंदगडला. जालन्यात एवढ्या भट्ट्या असताना त्याची एक शाखा, निदान एक टेस्टिंगची गाडी इकडं फिरवायला काय जातंय? जालन्यावर दिल्लीची नजर पडलीच नाही असं नाही, २०२२ च्या ऑगस्टमध्ये आयकरवाले लग्नाचे स्टिकर लावलेल्या गाड्यांतून आले होते, वऱ्हाडी म्हणून, ते सगळ्या महाराष्ट्रानं टीव्हीवर बघितलं. ते खातं वेगळं, मला माहितीय, पण त्यांना रस्ता सापडला एवढंच म्हणतो.

मंत्रालयाचं २०१७ चं राष्ट्रीय धोरण काढून वाचलं, सगळं नाही, चाळलं. त्यात २०३०-३१ पर्यंत देशाची क्षमता ३० कोटी टन करायचीय आणि माणशी वापर तेव्हाच्या ६० किलोवरून १६० किलोवर न्यायचाय. वाचून पहिल्यांदा हसू आलं, आमच्या घरात सहा माणसं आणि गज लागला तीन टन चारशे, म्हणजे माणशी साडेपाचशे किलोच्या वर, आम्ही एका उन्हाळ्यात धोरणाच्या तिप्पट पुढं. पण मग वाटलं हे जे माणशी किलो मोजतायत ते किलो खरे किलो आहेत का? आमचे पंचवीस गज कागदावर २६६ किलो असते आणि काट्यावर २४२ आले. देश चीनच्या खालोखाल दुसऱ्या नंबरचा पोलाद उत्पादक आहे, अभिमान आहेच, पण टनांच्या गर्दीत चोवीस किलोचं कोणाला पडलंय. मोठ्या कारखान्यांना स्पेशल स्टील बनवायला ६,३२२ कोटींची प्रोत्साहन योजना आहे, त्यातला एक शून्य पॉइंट शून्य काहीतरी टक्का 'गज तोलून घ्या' एवढे तीन शब्द भिंतीवर रंगवायला वापरला असता तरी मी चौथा स्टार दिला असता.

भावाचं पण सांगतो. जालन्याचा रेट व्हॉट्सॲपवर रोज फिरतो, सकाळचा वेगळा संध्याकाळचा वेगळा असं पण होतं. बारा सोळा वीसचा भाव एक, आठाचा जास्त, कारण बारीक गज काढायला मिलचा वेळ जास्त जातो, हे फसवणं नाही, रिंगांसाठी आठाचा गज घेताना दुकानदारावर डाफरू नका, मी डाफरलो होतो. पण एक थाप लक्षात ठेवा. आधीचा दुकानदार मला म्हणला होता की दिल्लीनं बाहेरच्या स्टीलवर नवीन टॅक्स लावला म्हणून भाव चढलेत. टॅक्स लावला होता हे खरं, २०२५ च्या एप्रिलमध्ये १२ टक्के सेफगार्ड ड्युटी, पण ती सपाट मालावर, म्हणजे कॉइल, पत्रा, प्लेट. गजावर नाही. गजाचा भाव भंगार, स्पंज आणि विजेवर हलतो. भट्टी विजेवर चालते म्हणून वीजदराची बातमी आली की आमच्या स्लॅबचं बजेट हलतं, हे गणित माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं.

आमचे दादा, म्हणजे वडील, हे सगळं ऐकून घेत होते आणि शेवटी म्हणले तुमचं बरंय रे. त्यांच्या तरुणपणी सिमेंटला परमिट लागायचं, आणि मोठ्या कारखान्यांच्या लोखंडाचा भाव आणि वाटप सरकारच ठरवायचं, त्याच्यासाठी १९६४ पासून एक कमिटी होती. १९९२ च्या जानेवारीत लोखंडाचं ते बंधन सुटलं. दादांचं म्हणणं तेव्हा माल मिळायचा नाही, आता मिळतो तर तुम्ही तोलत बसता. मी म्हणलं दादा, तेव्हा सरकार भाव ठरवायचं, आता निदान वजन तरी बघावं की. ते म्हणले वजन बघायला तुला डोळे दिलेत. ह्या वादात कोण जिंकलं ते नाही सांगता येणार, पण पुढच्या गाडीला काट्यावर तेच गेले, भरलेली गाडी आणि रिकामी गाडी दोन्हीच्या पावत्या घेऊन आले आणि दुकानाच्या बिलाला जुळवून बघितल्या. वीस किलोचा फरक निघाला, आपल्या बाजूनं. परत सांगायला गेले नाहीत, मी पण काही बोललो नाही.

तर तीन स्टार कसे. नियम आणि ऑर्डर ह्याचे पूर्ण. ॲप दुसऱ्या खात्याचं असलं तरी चाललं, त्याचे पण देतो. कापले ते माहिती आमच्यापर्यंत न आल्याचे. आणि मालाची खरी तपासणी कारखान्याच्या दारात होते, तालुक्याच्या दुकानात टॅग कापून नगावर विकलं तर बघणारा रोज कोण? तुम्ही म्हणाल तक्रार करायची होती. बरोबर. ग्राहकांसाठी १९१५ नंबर आहे, बीआयएस केअरमध्ये पण तक्रारीचं बटण आहे, पण माझ्याकडं बिलच नव्हतं तर तक्रार कशाच्या जोरावर करणार. १८ टक्के जीएसटी वाचवायला आपणच बिनबिलाचं घेतो आणि मग हात चोळतो, ह्यात मंत्रालयाचा दोष काढता येत नाही. म्हणून ज्याला घ्यायचंय त्यानं वजनावरच घ्या, बिलानंच घ्या, टॅग कापायच्या आधी त्याचा फोटो काढा आणि गाडी तुमच्या ओळखीच्या काट्यावरून न्या. आणि मिस्त्रीच्या चिठ्ठीत 'बंडल' लिहिलं असंल तर त्याला किलो लिहायला लावा, तोंड वाकडं करंल, करू द्या. गज घरी आणून मृगाच्या पावसात मोकळा पण टाकू नका, आमचे शेवटचे बंडल तसेच राहिले आणि तांबडे झाले, दाजी म्हणले वरचा गंज आहे, तारेच्या ब्रशनं निघतो, पण घासायला मलाच बसवलं.

स्लॅब पडून आता एकवीस दिवस झाले. सिमेंट ठेवायच्या खोलीच्या भिंतीवर मी वीटेच्या तुकड्यानं लिहून ठेवलंय, आठ ४.७४, दहा ७.४०, बारा १०.६६, सोळा १८.९६, सगळे बारा मीटरच्या एका गजाचे किलो. शेजारच्या गल्लीत अजून दोन घरांचे पाये निघालेत, ते लोक येऊन त्याचा फोटो काढून नेतात, परवा तर आमचाच मिस्त्री काढत होता, मला बघून फोन खिशात टाकला. प्लास्टरवाला सोमवारपासून येतोय, त्याला म्हणलंय ती भिंत सगळ्यात शेवटी घे.